डबीतले ढालकिडे आणि पेरूच्या पानावरचे माकड

जोतिबाच्या डोंगराखाली आमचा वीस गुंठ्यांचा मुरमाड तुकडा आहे. उसाला तेथे पाणी पुरत नाही, म्हणून त्यात सरदार जातीची साठ पेरूची झाडे लावलेली आहेत. यंदा फेब्रुवारी संपता संपता त्यांपैकी बावीस झाडांवर पिठ्या ढेकूण ही अंगावर पिठासारखे पांढरे मेण असलेली, झाडाचा रस शोषणारी कीड दिसू लागली, आणि फवारणी टाळावी या विचाराने मी मार्चमध्ये क्रिप्टोलीमस या परभक्षी, म्हणजे दुसरे कीटक खाऊन जगणाऱ्या, ढालकिड्याच्या तीन डब्या मागवल्या. विक्रेत्याचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण माझी मुख्य तक्रार त्या एका विक्रेत्यापुरती नाही. हेच भुंगेरे विकणाऱ्या आणखी दोघांची माहितीपत्रके मी नंतर मागवून घेतली, तेव्हा त्यांतही हा मित्रकीटक पिठ्या ढेकणाखेरीज कोणत्याही उपयुक्त जीवाला अपाय करीत नाही, अशा अर्थाचे वाक्य छापलेले आढळले. या वाक्याविषयी मला लिहायचे आहे. परंतु पैसे मोजून घेतलेल्या वस्तूविषयी आधी सांगितले पाहिजे.

एका डबीत शंभर प्रौढ भुंगेरे असतात. डबीमागे ३२० रुपये आणि कुरिअरचे १५० असे एकूण १,११० रुपये पडले. डबी पारदर्शक प्लास्टिकची, झाकणाला बारीक जाळी, आत कागदाच्या चुरगळलेल्या पट्ट्या आणि एका कडेला मधाचा पातळ थर, असे बांधणीचे स्वरूप होते व त्यात नाव ठेवण्यासारखे काही नव्हते. मात्र डब्या शनिवारी निघाल्या, मध्ये रविवार आला आणि सोमवारी दुपारी त्या मला शहरातल्या कुरिअर कार्यालयात पत्र्याखाली ठेवलेल्या मिळाल्या. दोन डब्यांत सहा-सात किडे मेलेले होते, तर तिसरीत जवळजवळ निम्मे. विक्रेत्याने फोनवर वाद न घालता निम्म्या डबीची रक्कम माझ्या नावे जमा धरली. जिवंत माल शनिवारी पाठवू नये, एवढी साधी गोष्ट त्याला सांगावी लागली, हे मात्र नमूद करतो.

प्रौढ भुंगेरा मुगाच्या दाण्याएवढा असतो; पाठ काळसर तपकिरी, आणि डोके व पाठीचे मागचे टोक नारिंगी. संध्याकाळी ऊन उतरल्यावर झाडामागे दहा या हिशेबाने ते सोडायचे, त्याआधी बुंध्याला ग्रीसची पट्टी मारून मुंग्यांची वाट बंद करायची आणि मागेपुढे काही आठवडे कीटकनाशक फवारायचे नाही, या सूचना माहितीपत्रकात स्पष्ट होत्या आणि त्या योग्यही आहेत. पिठ्या ढेकूण जो गोड चिकट स्राव सोडतो त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात, आणि राखणीवर असलेली मुंगी ढालकिड्याला जवळ येऊ देत नाही. बुंध्याची पट्टी नीट मारली, पण जमिनीला टेकलेली एक फांदी नजरेतून सुटली. त्या एका झाडावर भुंगेरे चार दिवसही टिकले नाहीत.

माहितीपत्रकातील पहिली मोठी उणीव दहा-बारा दिवसांनी कळली. भुंगेऱ्याची मादी पिठ्या ढेकणाच्या कापसासारख्या अंडपुंजक्यात अंडी घालते आणि त्यांतून निघणारी अळी अंगावर पांढऱ्या मेणाच्या झालरी वाढवते. पूर्ण वाढलेली अळी सव्वा सेंटीमीटरपर्यंत लांब होते व दिसायला हुबेहूब एखाद्या माजलेल्या पिठ्या ढेकणासारखी असते. माहितीपत्रकावर फक्त प्रौढ भुंगेऱ्याचे चित्र होते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी एके सकाळी मला हाक मारून सांगितले, "अण्णा, तुमचं किडं सोडल्यापास्नं ही ढेकणं जास्तच दांडगी झाल्यात बघा," आणि मी जाऊन पाहतो तो त्यांनी साबणाचे पाणी आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन दोन झाडे स्वच्छ धुऊन काढलेली. विकत आणलेली पिढी बादलीत तरंगत होती. यात मावशींची चूक नाही, किंबहुना इतके बारीक निरीक्षण माझेही नव्हते.

उरलेल्या झाडांवर परिणाम निःसंशय चांगला झाला. अळी आणि प्रौढ दोघेही ढेकूण खातात, आणि एक अळी वाढताना लहान अवस्थेतील अडीचशेपर्यंत ढेकूण फस्त करते असे जे सांगितले जाते ते पाहिल्यावर पटते. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस बहुतेक फांद्यांच्या बेचक्यांत फक्त वाळलेले पांढरे कवच आणि काजळीसारखी काळी बुरशी उरली होती. पिठ्या ढेकणापुरते बोलायचे तर या उत्पादनाला मी पाचपैकी चार गुण देईन. फवारणीचा खर्च, तोंडाला बांधायचा रुमाल आणि नंतर फळ खाताना मनात येणारी शंका, या तिन्ही गोष्टी वाचल्या.

भुंगेरे सोडल्यानंतर चौथ्या दिवशी सुट्टीसाठी आलेल्या पुतणीने सातव्या झाडावरचे एक पान मला आणून दाखवले. पानाच्या वरच्या बाजूला जेमतेम अर्धा सेंटीमीटर लांबीचा एक कोष चिकटलेला होता आणि त्यावर दोन डोळे, चपटे नाक आणि मिटलेले तोंड असा माकडाचा चेहरा होता. मी वर्षानुवर्षे शेतात वावरतो, पण हा चेहरा तोवर पाहिला नव्हता. तो एपफ्लाय या फुलपाखराचा कोष होता. शास्त्रीय नाव स्पाल्जिस एपियस. प्रौढ फुलपाखरू दिसायला अगदी साधे, वरून राखी तपकिरी, पुढच्या पंखावर एक फिकट ठिपका, पंखांच्या खालच्या बाजूला बारीक नागमोडी रेघा. बागेत ते अनेकदा डोळ्यांसमोरून गेले असणार, परंतु हळदीकुंकू किंवा राणी पाकोळी यांच्याकडे जशी मान आपोआप वळते तशी याच्याकडे वळत नाही.

या फुलपाखराची अळी पाने खात नाही. ती पिठ्या ढेकूण खाते. मादी ढेकणांच्या वस्तीतच एकेक अंडे घालते, अळी तेथेच जन्मते, ढेकणांच्या अंगचे मेण आपल्या केसाळ पाठीवर चढवून त्यांच्यातच मिसळून राहते आणि त्यांना खाऊन मोठी होते. अंड्यापासून फुलपाखरू होईपर्यंत सारे तीन-चार आठवड्यांत उरकते. म्हणजे ज्या कामासाठी मी १,११० रुपये मोजले ते काम माझ्या बागेत एक देशी फुलपाखरू फुकट करीत होते, आणि मी त्याच्या ताटात बाहेरून दोनशेहून अधिक जेवणारे आणून बसवले होते.

हे समजल्यावर मी एक भिंग घेतले आणि दोन झाडांवर लक्ष ठेवले. सातव्या झाडावर भुंगेरे सोडलेले होते. तेराव्या झाडावर, तिसऱ्या डबीतले किडे कमी पडल्यामुळे, सोडलेले नव्हते. योगायोगाने दोन्हींवर स्पाल्जिसच्या अळ्या होत्या, सातव्यावर पाच आणि तेराव्यावर सहा मोजता आल्या. येथे पेरूच्या एका बेचक्यात तीन पांढऱ्या वस्तू शेजारी शेजारी दिसतात व त्या ओळखायला मला तीन दिवस लागले. पिठ्या ढेकूण चपटा, अंडाकृती आणि जवळजवळ निश्चल असतो. क्रिप्टोलीमसच्या अळीच्या झालरी लांब, विस्कटलेल्या असतात आणि डिवचल्यावर ती सहा पायांवर लगबगीने पळते. स्पाल्जिसची अळी गोगलगायीसारखी बसकी असते, तिचे डोके शरीराखाली लपलेले असते, ती सरकते पण पळत नाही, आणि तिच्या पाठीवरून मुंगळे असे निवांत चालत जातात की जणू ती फांदीचाच भाग आहे.

सातव्या झाडावरची ढेकणांची वस्ती अठराव्या दिवशी संपली. तोपर्यंत पाचांपैकी एकाच अळीचा कोष झाला होता, बाकीच्या चार मला पुन्हा दिसल्या नाहीत. तेराव्या झाडावरची वस्ती पूर्ण आटोक्यात यायला आणखी नऊ-दहा दिवस लागले, परंतु तेथे चार कोष झाले. मध्यंतरी एका सकाळी सातव्या झाडावर क्रिप्टोलीमसच्या मोठ्या अळीने स्पाल्जिसची एक लहान अळी जबड्यात धरलेली मी भिंगातून पाहिली. ती मेल्यावर तिने धरली, की धरल्यामुळे ती मेली, हे मला सांगता येणार नाही. मी पाहिले तेव्हा ती हलत नव्हती. दोन झाडांवरून सिद्धांत मांडता येत नाही, याची मला जाणीव आहे. परंतु ढालकिड्यांच्या कुळाचा स्वभाव सर्वज्ञात आहे: आवडते खाद्य मुबलक असेपर्यंत ते त्यावरच राहतात, ते संपले की जवळची मऊ अंडी आणि लहान अळ्या खातात, आणि त्यांत स्वजातीची अंडीही सुटत नाहीत. शिवाय प्रत्यक्ष खाल्ले नाही तरी वस्ती आठ-दहा दिवस आधी संपवली, की जिचा कोष व्हायला चार दिवस उरले आहेत ती अळी उपाशी मरते. भुंगेऱ्याला पंख आहेत, तो पुढच्या बागेत जातो. सरकत चालणाऱ्या अळीला पुढची बाग नसते.

विक्रेत्याने दिलेल्या कागदात या किड्याचा उल्लेख सतत आपला मित्रकीटक असा आहे आणि त्याचे मूळ गाव कोठेही सांगितलेले नाही. तो ऑस्ट्रेलियाचा. १८८८ मध्ये आल्बर्ट कोबेले या कीटकशास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियात जाऊन रोडोलिया हा ढालकिडा कॅलिफोर्नियात पाठवला आणि त्याने तेथील संत्र्या-लिंबांच्या बागा बुडवणारी कापसासारखी खवलेकीड थोड्याच काळात नमवली. त्या यशानंतर १८९१-९२ मध्ये कोबेले यानेच क्रिप्टोलीमस तेथे नेला. आपल्या देशात तो १८९८ मध्ये कॉफीवरील हिरव्या खवलेकिडीसाठी आणला गेला. त्या किडीवर त्याचा फारसा उपयोग झाला नाही, पण दक्षिणेत तो स्थिरावला आणि पिठ्या ढेकणावर उपयोगी ठरला. आज लाल भोपळ्यावर ढेकूण वाढवून त्यावर तो पैदास केला जातो. म्हणजे हा पाहुणा सव्वाशे वर्षांचा जुना आहे, आणि माझ्या तीन डब्यांनी कोल्हापुरात परदेशी कीटकाचा प्रवेश झाला असा आव मी आणणार नाही. प्रश्न तो देशात असण्याचा नाही. फुलपाखराची पिढी नेमकी ज्या चार आठवड्यांत वाढत असते त्या वेळी, निसर्गात कधी नसेल इतक्या दाटीने तो एका बागेत ओतण्याचा आहे.

सरसकट भीती घालणेही मला मान्य नाही. क्रिप्टोलीमसला पिठ्या ढेकूण आणि त्याच्या जवळचे नातेवाईकच विशेष आवडतात. कढीपत्त्यावर वा लिंबावर अंडी घालणाऱ्या फुलपाखरांना त्याच्यापासून मोठा धोका आहे असे मी म्हणणार नाही. ज्या ढालकिड्यांनी जगात खरी चिंता निर्माण केली ते वेगळे. आशियातील हार्मोनिया नावाचा बहुरंगी ढालकिडा मावा खाण्यासाठी अमेरिकेत विसाव्या शतकात वारंवार सोडला गेला, १९८८ मध्ये तो तेथे टिकून पसरू लागल्याचे दिसले, २००४ मध्ये तो ब्रिटनमध्येही पोहोचला, आणि प्रयोगशाळेतील चाचण्यांत तो मोनार्क फुलपाखराची अंडी व लहान अळ्या खातो असे आढळले. मोनार्क ज्या चिकाच्या झुडपांवर अंडी घालते त्यांवर मावाही असतो, माव्यामागे ढालकिडा येतो आणि अंडी त्याच्या वाटेत पडतात. आपल्याकडे बांधावरच्या रुईवर पिवळा मावा आणि त्याच पानाच्या पाठीमागे फुलपाखराचे एकुलते अंडे हे दृश्य कोणीही पाहू शकतो, म्हणून ते उदाहरण समजायला कठीण जात नाही. आपल्याकडचा नेहमीचा सात ठिपक्यांचा ढालकिडासुद्धा अमेरिकेत बाहेरून नेलेला आहे, आणि तेथे तो कार्नर ब्ल्यू या दुर्मीळ निळ्या फुलपाखराच्या अळ्या खाताना आढळला आहे. आपल्या बांधावरचा सज्जन दुसऱ्याच्या बांधावर उपद्रवी ठरू शकतो.

विक्रेत्याशी या विषयावर माझे दोनदा बोलणे झाले. त्याचा मुद्दा असा होता की बाहेरून आणलेले कीटक नसते तर पपई राहिलीच नसती. हा मुद्दा खरा आहे आणि त्याला पुरते उत्तर दिले पाहिजे. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोईमतूरला प्रथम नोंदला गेला, तो वेगाने पसरला, आणि २०१० मध्ये पोर्टो रिकोहून आणलेल्या असेरोफॅगस या सूक्ष्म परोपजीवी माशीने त्याला लगाम घातला. पण ती माशी त्या विशिष्ट ढेकणाच्या शरीरातच वाढते, भूक लागली म्हणून शेजारची अंडी खात नाही. आणि विलगीकरणात तपासून मगच ती शेतात सोडण्यात आली. तेव्हा परदेशी म्हणून वाईट आणि देशी म्हणून चांगले असे माझे म्हणणे नाही. जो एकाच दारात जातो तो आणि जो दिसेल त्या दारात डोकावतो तो, यांची माहितीपत्रके एकसारखी असू नयेत, एवढेच आहे. गाजरगवतासाठी १९८४ मध्ये सोडलेला मेक्सिकन भुंगेरा पुढे सूर्यफुलावर दिसला तेव्हा किती गहजब झाला होता, हे जुन्या मंडळींना आठवत असेल.

कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्याला तर हे शिकवायची गरज पडू नये. २००२ च्या पावसाळ्यात उसावर लोकरी मावा आला तेव्हा पाने पांढरी पडली होती, खालून चालताना अंगावर पीठ सांडत होते, आणि जो तो फवारणीचा पंप शोधत होता. त्या वेळी जे दोन कीटक कामी आले, डायफा आणि मायक्रोमस, ते दोन्ही येथलेच होते. त्यांपैकी डायफा हा पतंग, म्हणजे फुलपाखराचा भाऊबंद, आणि त्याची अळी स्पाल्जिसप्रमाणेच मांसाहारी. डायफाच्या अळ्या-कोष असलेले उसाच्या पानाचे तुकडे आम्ही शेजारच्या फडातून मागून आणत होतो आणि आपल्या पानांना टाचत होतो. ते आधी शोधावे लागत, मोजावे लागत, आणि फवारलेल्या फडात ते सापडत नसत. डबी आल्यापासून शोधण्याची ही सवय सुटली असावी, निदान माझी तरी सुटली होती.

हे उत्पादन घ्यावे की नाही, असे कोणी विचारले तर मी आधी झाडाकडे जायला सांगेन. पाचसहा झाडांच्या बेचक्यांत भिंग लावून पाहावे. पळणाऱ्या झालरीच्या अळ्या दिसल्या तर क्रिप्टोलीमस किंवा त्याचे देशी भाऊबंद आधीच आहेत, डबीचे पैसे वाचवावेत. बसकी, सरकणारी अळी किंवा माकडाच्या तोंडाचा कोष दिसला, तर त्या झाडावर डबी उघडू नये. फांदी फारच भरली असेल तर तेवढीच छाटावी आणि चार आठवडे थांबावे. काहीच दिसले नाही आणि ढेकूण वाढतच असेल, तर डबी जरूर घ्यावी, कारण त्या परिस्थितीत रासायनिक फवारणीपेक्षा ती निःसंशय बरी आहे; फवारणीत भुंगेरा, अळी आणि फुलपाखरू असे सगळेच जाते. स्पाल्जिस विकत मिळते का याची चौकशी मी केली, मला कोठे मिळाले नाही.

माहितीपत्रकाला मात्र मी एकही गुण देणार नाही. पुढच्या छपाईत क्रिप्टोलीमसच्या अळीचे चित्र टाकण्याचे विक्रेत्याने कबूल केले. इतर जीवांना अपाय नसल्याचे वाक्य काढायला तो तयार नव्हता. त्या वाक्यामुळेच गिऱ्हाईक फवारणी सोडून डबीकडे येते, असे त्याने सरळ सांगितले, आणि त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला राग आला नाही. अर्ध्या डबीची जी रक्कम त्याच्याकडे माझ्या नावे जमा आहे तिचे भुंगेरे मी पुढील जानेवारीत चुलतभावाच्या शेडनेटमधील जास्वंदीच्या रोपांसाठी मागवणार आहे. तेथे जाळी बारीक आहे, स्पाल्जिसची मादी आत शिरू शकत नाही, आणि माल सोमवारी पाठवा असे मी त्याला आताच सांगून ठेवले आहे.